सुधाकरकाकांच्या पीसीवरचे दोन चौकीदार

जा. क्र. १/२०२५
उमेळे, दि. ४ ऑगस्ट २०२५

चि. विघ्नेश यास,
आशीर्वाद.

विषय : संगणक उघडण्यास लागणारा विलंब.

कळवण्याचे कारण की, तू एप्रिलमध्ये दुरुस्त करून दिलेला माझा संगणक आज सकाळी नऊ वाजता चालू केला. नऊ बावीसला पडद्यावर चित्र आले. नऊ एकतीसला महापालिकेस द्यावयाचा पाण्याच्या टाकीबाबतचा अर्ज उघडला. नऊ चाळीसला ‘अर्ज’ हा एक शब्द टंकित झाला. तेवढ्या वेळात मी तोच अर्ज हाताने तीन प्रतींत लिहिला असता. शेवटी तसाच लिहिला. हे पत्रही त्याच कारणाने हाताने लिहीत आहे.

हल्ली पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन ढाली दिसतात. हिरवी तू बसवलेली. निळी गेल्या पंधरवड्यात घरातूनच बसवली गेली. हिरवी म्हणते, ‘संशयास्पद प्रोग्राम सापडला’, आणि निळीचे नाव घेते. निळी म्हणते, ‘धोका रोखला’, आणि हिरवीचे नाव घेते. मी दोघींनाही ‘ठीक आहे’ म्हणतो. त्या ऐकत नाहीत.

मी चौतीस वर्षे सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत काढली. माझ्या टेबलावरून कागद अडून राहिला असे झाले नाही. अभियांत्रिकी दुसऱ्या वर्षानंतर अर्धवट टाकणाऱ्या मुलाकडून काम अर्धवटच मिळणार, हे मला एप्रिलमध्येच कळायला हवे होते.

लेखी खुलासा करावा. पत्र आमच्या रचनाच्या हस्ते पाठवत आहे. कामणला गोदामाच्या ऑफिसात जाताना ती तुझ्या दुकानावरून जाते.

सुधाकर पेडणेकर
(सेवानिवृत्त)

*

वसई स्टेशन (प.), ५ ऑगस्ट

सुधाकरकाका,

नमस्कार. माझ्याकडे जावक क्रमांक नाही. बिलबुकाच्या मागच्या बाजूला लिहितोय, चालवून घ्या.

तुमचा पीसी मंद नाहीये. तुम्ही त्याचा गळा दाबलाय, आणि वर तो बोलत का नाही म्हणून विचारताय.

सोपं करून सांगतो. तुमच्या गेटवर एक वॉचमन आहे. उद्या कुणी शहाणा दुसरा आणून उभा करतो, आणि दोघांपैकी कुणालाच सांगत नाही की दुसराही आपलाच आहे. दूधवाला येतो. पहिला त्याची पिशवी तपासायला घेतो. दुसरा तीच पिशवी ओढतो. मग पहिल्याला वाटतं, हा कोण परका माणूस लोकांच्या पिशव्या ओढतोय? तो त्याची कॉलर धरतो. दुसराही धरतो. दूधवाला बाहेर उभा. तुमचा ‘अर्ज’ हा शब्द नऊ मिनिटं त्या दूधवाल्यासारखा गेटवर उभा होता, काका.

अँटीव्हायरसचं कामच असं की प्रत्येक फाइल उघडायच्या आधी हातात घेऊन बघायची. दोन असले की फाइल एक आणि हात चार. त्यात प्रत्येकाकडे जगभरातल्या व्हायरसच्या खुणांची वही असते. दुसरा ती वही बघतो आणि बोंबलतो, बापरे, इथे तर सगळे व्हायरसच! विंडोजबरोबर फुकट जो येतो ना, त्यालासुद्धा एवढी अक्कल आहे. बाहेरचा कुणी बसवला की तो गप बाजूला होतो. दुसरा ठेवायचाच असेल तर असा ठेवा जो बोलावल्यावर येतो, एकदा घर तपासतो आणि निघून जातो. मुक्कामाला एकच.

‘घरातूनच’ बसवली म्हणजे काय ते मला कळलं. तुमच्या सी विंगमधला जितेश. अंधेरीला सायबर सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा क्लास, आणि रविवारी भाजी आणायला जातानासुद्धा गळ्यात आयकार्ड. याला प्लगमधली वायर बदलता येत नाही, हा चालला सिक्युरिटी करायला. निळी ढाल त्याचीच. तिला हाकला. तुमच्याने होत नसेल तर मी रविवारी येतो, दहा मिनिटांचं काम आहे.

बाकी, कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. तिथे प्रिंटरमध्ये कागद अडकला की लेक्चर थांबवून सर मला बोलवायचे. अशा माणसाकडून मी काय शिकणार होतो?

आणि अजून एक. तुमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे माझ्या जयरामआजोबांची केळीची वाडी होती. चौकीदार नव्हता. एक कुत्रं होतं. एकच. कधी घड चोरीला गेला नाही.

विघ्नेश

(याच पाकिटात, चार घड्या केलेली चिठ्ठी)

रचना,

काउंटरवर पाकीट टाकून पळतेस ते काय? दोन मिनिटं थांबलीस तर कामणचं गोदाम कोसळणार नाही. तू बारावीला होतीस तेव्हापासून जे सांगायचंय ते दर वेळी गिऱ्हाईक मध्ये येतं म्हणून राहतं, म्हणून लिहितो : मला तू हवी आहेस. लग्नासाठी. मस्करी नाही. तुझ्या बाबांना मी अर्धवट वाटतो हे माहितीये, त्यांचं मी बघून घेईन. फक्त तो आयकार्डवाला मध्ये नको. हो की नाही, एवढं सांग.

वि.

*

जा. क्र. २/२०२५
उमेळे, दि. ८ ऑगस्ट २०२५

चि. विघ्नेश यास,
आशीर्वाद.

तुझा खुलासा मिळाला. समाधानकारक नाही.

आमच्या शाखेत कोणतेही पत्र एका सहीने बाहेर जात नसे. कारकून सही करी, मग अधीक्षक. दोघे एकमेकांचे मित्र नव्हते, हीच त्यातली सोय होती. एकदा अधीक्षक रजेवर असताना एका सहीवर पत्र गेले आणि सातारचा माणूस सोलापूरला बदलून गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, ज्याच्या हातात किल्ली त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा हवा. तुझी हिरवी ढाल माझ्या संगणकावर नजर ठेवते. तिच्यावर कोण ठेवतो? निळी राहील.

रविवारी येण्याची आवश्यकता नाही.

तुझ्या पाकिटातली चार घड्यांची चिठ्ठी जिच्या नावाची होती तिच्याकडे दिली. मी वाचली नाही. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाचे गोपनीय पाकीट मी उघडलेले नाही.

साध्या दुरुस्तीसाठी तू दोन-दोन पाने का लिहितोस, हे मात्र न उघडताही कळते.

सुधाकर पेडणेकर

*

वसई, ११ ऑगस्ट

काका,

तुमच्या त्या दोन सह्यांना माझा नमस्कार. पण मला सांगा, कारकून आणि अधीक्षक एकाच वेळी एकच पेन ओढत होते का? एकाने सही केली, कागद पुढे सरकला, मग दुसऱ्याने केली. म्हणून तुमचं ऑफिस चाललं. चाललं म्हणजे, चालतं तसं. इथे दोघे एकाच क्षणी एकाच कागदावर बसलेत. त्यातून सही होत नाही, कागद फाटतो. तुमच्या टाकीच्या अर्जाची फाइल उद्या अर्धी उघडली आणि अर्धी गेली, तर माझ्याकडे येऊ नका. आयकार्डवाल्याकडे जा. तो तुम्हाला पीपीटी दाखवेल.

मला कमाल वाटते तुमची. पाण्याच्या टाकीसाठी सहा वर्षं अर्ज करताय, टाकी तिथेच, पाणी नाही. पण ज्या माणसाला खरंच काही येतं त्याने सांगितलं की तुम्हाला दुसरी सही लागते. ज्याला येत नाही तो लिफ्टमध्ये गोड हसला की त्याचा प्रोग्राम घरात!

आणि नुसता प्रोग्रामच घुसला असता तर गोष्ट वेगळी. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ तुमच्या पीसीवर दूरशिक्षणाची साइट उघडते. अॅडमिशन, नियम, फी, पुन्हा नियम. पाच दिवस झाले. तुम्ही तर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी बी.ए. करणार नाही. मग हे कोण कुणाला शिकवतंय, आणि शिकवून कुठे घेऊन जायचा बेत आहे, जरा घरात विचारा. जितेश पुण्याला नोकरी बघतोय असं मी ऐकलंय. डिग्रीवाली बायको पुण्याला शोभून दिसेल. तुम्ही इकडे ढाली मोजत बसा.

चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. ज्याचं त्याला कळेल.

विघ्नेश

*

जा. क्र. ३/२०२५
उमेळे, दि. १३ ऑगस्ट २०२५

विघ्नेश,

तुझे पत्र जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. तशी आमच्या घरात पद्धत आहे. तुझ्या पत्रांवर आम्ही दोघे हसतो, खोटे कशाला सांगू. दूधवाल्याचा भाग रचनाने दोनदा वाचायला लावला होता.

या वेळी साडेसात ते आठ या ओळीपर्यंत आलो आणि रचना हात धुवायला उठली. ताटात भात तसाच होता.

दूरशिक्षणाचा विषय या घरात माझ्यासमोर कोणी काढलेला नाही. त्या वेळात मी खाली सोसायटीच्या ऑफिसात असतो. मला जे ठाऊक नाही ते तुला तास-मिनिटांसह कसे ठाऊक?

लेखी उत्तर द्यावे. हे पत्र वॉचमनच्या हस्ते पाठवत आहे. रचनाने आणायला नकार दिला.

सुधाकर पेडणेकर

*

वसई, १४ ऑगस्ट

काका,

एवढं काही नाही त्यात. उगाच रंग देऊ नका.

धंद्याची रीत सांगतो. अँटीव्हायरसचा तीन पीसींचा एक पॅक येतो. एकट्या गिऱ्हाइकाला महाग पडतो म्हणून आम्ही दुकानवाले एक पॅक घेतो आणि तिघांकडे टाकतो. तुमच्याकडे एक, होळी नाक्यावरच्या हिल्डा आंटीच्या बेकरीत एक, डेंटिस्टकडे एक. खातं दुकानाच्या मेलवर, म्हणजे माझ्या. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत सगळी दुकानं हेच करतात. मग आठवड्याचा रिपोर्ट आपोआप त्या मेलवर येतो. कुठली साइट, किती वेळ, कुठे अडवलं. मी काय वाचत बसतो का? डोळ्यांखालून जातं. तुमच्याही डोळ्यांखालून जावक पत्रं जायचीच ना?

मी तुमच्या भल्याचंच सांगितलं. एप्रिलपासून तुमच्या पीसीला एक शिंक आली नाही ती माझ्यामुळे. आता मीच चोर?

रचनालाच आणायला सांगा, वॉचमनकडे पत्रं देऊ नका. तो पाकिटावर चहा सांडतो.

विघ्नेश

*

वसई, २३ ऑगस्ट

काका,

नऊ दिवस झाले. तुमचा जावक विभाग बंद पडला का?

रचना दुकानावरून जात नाही. आता ती पुलाच्या पलीकडून रिक्षा पकडते. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो, त्या बाजूला काम होतं.

काल संध्याकाळपासून तुमचा पीसी माझ्या खात्यात दिसत नाही. ‘संपर्क नाही’ म्हणून येतंय. हिरवी ढाल काढलीत ना? पासवर्डशिवाय ती निघत नाही, म्हणजे कुणीतरी अख्खी विंडोजच उडवून नवीन टाकली. हे तुमचं काम नाही. आला ना शेवटी आयकार्डवाला घरात? बसवलात खुर्चीवर? चहा दिलात?

टाकीचे सहा वर्षांचे अर्ज बाजूला काढून ठेवले होते का त्याने? नसतीलच. तो असल्या गोष्टी विचारतच नाही. मी विचारतो. माझ्यात आणि त्याच्यात फरक आहे काका, आणि तुम्हाला तो दिसत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

एका ओळीचं उत्तर द्या. शिव्या असल्या तरी चालेल.

विघ्नेश

*

उमेळे, १ सप्टेंबर

विघ्नेश,

बाबा म्हणाले, मी लिहितो. मी म्हटलं, नको, तुम्ही विषय आणि संदर्भ टाकाल. माझा विषय एका ओळीचा नाहीये.

अर्ज सगळे सुरक्षित आहेत. पेन ड्राइव्हवर घेऊन, दोनदा तपासून मग विंडोज नवीन टाकली. आमच्या ऑफिसच्या जेनिफरने शिकवलं, शिकण्यात एक रविवार गेला. जितेशने नाही. जितेशला आमच्या घराची बेल कुठे आहे तेही माहीत नाही. तुला त्याच्याशी भांडायचं होतं म्हणून तू त्याला आमच्या घरात आणून बसवलास, पत्रापत्राने.

निळी ढाल मी बसवली होती. जुलैत.

जुलैत मी एक चप्पल बघितली होती, आमच्या पीसीवर. विकत घेतली नाही, कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तू काउंटरवरून म्हणालास, ‘त्या साइटवरून चपला घेऊ नकोस, नंबर चुकीचा पाठवतात.’ तू केवढा खूश होतास ते सांगताना. मी रिक्षात बसले आणि मग माझ्या लक्षात आलं. घरी येऊन तुझ्या हिरव्या ढालीवर क्लिक केलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा संगणक अमुक खात्याच्या देखरेखीखाली आहे, आणि खातं तुझं. काढायला गेले तर पासवर्ड मागितला, तोही तुझ्याकडे. म्हणून दुसरी आणून तिच्या डोक्यावर बसवली. दोघी भांडतील हे मला माहीत नव्हतं. भांडल्या तेव्हा बरंच वाटलं. बाबांना वाटलं सुरक्षेसाठी आहे, त्यांना त्यांच्या दोन सह्या आठवल्या, मी वाटू दिलं. माझीही चूक आहे. मी सरळ तुझ्या दुकानात येऊन विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, तूच बंद करशील. महिनाभर वाट बघितली.

तू लिहिलंस, रिपोर्ट आपोआप येतो. मी हिल्डा आंटींकडे गेले. त्यांच्या बेकरीतल्या पीसीवर तुझाच पॅक आहे, तीच ढाल. त्यात साइटचा रिपोर्ट बंद आहे. तो हाताने चालू करावा लागतो, विघ्नेश. आतल्या तिसऱ्या पानावर, आणि तिथे लिहिलेलं असतं ‘मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी’. डेंटिस्टकडे गेले नाही. गरज वाटली नाही. तू तेवढ्या पायऱ्या उतरून फक्त आमच्याकडे ते बटण दाबलंस.

माझे बाबा, ज्यांना तू येताजाता हसतोस, त्यांनी तुझी चिठ्ठी न उघडता माझ्या हातात दिली. त्यांना कळलं होतं काय असेल ते. तरी नाही उघडली. तुझ्यासारख्या हुशार मुलाला एवढं साधं जमलं नाही.

आता दूरशिक्षणाचं. पुण्याला कोण जाणार, डिग्रीवाली बायको कुणाला शोभणार, सगळं तूच ठरवलंस. माझी डिग्री झालीये रे. दोन वर्षांपूर्वी. तू पेढे खाल्ले होतेस दुकानात उभं राहून, चार.

तो फॉर्म तुझ्यासाठी होता. अर्धवट सोडलेल्याला घेतात का, दुसऱ्या वर्षाचे गुण धरतात का, की पहिल्यापासून करावं लागतं, ते बघत होते. आठ दिवस त्यांच्या नियमांतून काही कळेना म्हणून फोनही केला. तुझ्या चिठ्ठीला हो म्हणायच्या आधी बाबांसमोर काहीतरी ठेवायचं होतं मला. आणि तुझ्यासमोरही. कारण तू वरून कितीही बोललास, ‘अर्धवट’ म्हटलं की तुझे कान लाल होतात, ते मी अकरावीपासून बघतेय.

मुदत काल संपली. मी तुला आठवण करून देणार नव्हते आणि दिली नाही.

आता पीसीवर विंडोजचं आपलं जे असतं तेवढंच आहे. पावणेदोन मिनिटांत चालू होतो. एकच पुरतो हे तू बरोबर सांगितलंस. म्हणून तुझा काढला.

चिठ्ठीचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

रचना

*

वसई, ४ सप्टेंबर

रचना,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुला शिव्या होत्या. कुणी सांगितलं होतं तुला माझे फॉर्म बघायला? मी काय भीक मागितली होती? दुसऱ्यात तुझ्या बाबांना होत्या, त्या नेहमीच्याच. तिसऱ्यात माफी होती. ती बिलबुकाच्या कागदावर बिलासारखीच दिसत होती, म्हणून तीही फाडली.

हे चौथं. यात जे होईल ते.

बटण मी दाबलं. हाताने. तारीखही माहितीये, एकोणीस एप्रिल. पीसी द्यायला तुमच्या घरी आलो होतो आणि तू मला पाणी दिलंस आणि आत निघून गेलीस. मला वाटलं, आत जाऊन ही काय करते ते कळलं तर बोलायला सोपं पडेल. तुला काय आवडतं ते आधीच कळलं की बोलताना अडखळणार नाही. चपलेचं मी तुला इंप्रेस करायला सांगितलं होतं. इतका मी मूर्ख आहे. जितेशला एवढं बोललो, त्याने निदान माझ्याएवढं खाली उतरून काही केलेलं नाही.

त्याला परवा गाठला. भांडायलाच गेलो होतो, तुझं पत्र यायच्या आधी. कॉलर धरायच्या बेतात होतो. म्हटलं, ‘रचनाच्या घरी कशाला जातोस?’ तर म्हणतो, ‘कोण रचना? पाण्याच्या टाकीवाल्या काकांची? भाई, ते मला लिफ्टमध्ये पकडून अर्ज वाचून दाखवतात, मी जिन्याने जातो.’ मग म्हणाला, माझा लॅपटॉप हँग होतोय, बघशील का. बघितला. तीन अँटीव्हायरस. दोन काढले आणि पैसे घेतले नाहीत. त्याला वाटलं मी चांगला माणूस आहे.

हिल्डा आंटीचं आणि डेंटिस्टचं खातं त्यांच्या त्यांच्या मेलवर करून दिलं. पासवर्ड त्यांनाच टाकायला लावले, मी दुकानाबाहेर उभा राहिलो. आंटी ओरडत होत्या, ‘अरे तूच टाक ना बाबा, मला लक्षात नाही राहत.’ नाही टाकला.

सोमवारी सकाळी सवयीने मेल उघडला. रिपोर्ट नाही. आता तू कधी घरी येतेस, काय बघतेस, मला काही कळत नाही. सगळ्यांना असंच राहावं लागतं, हे मला कळतं. मला जमत नाहीये, एवढंच सांगतो. तू दया करावीस म्हणून नाही.

काकांना पत्र लिहायची हिंमत नाही. न उघडलेल्या चिठ्ठीचं तू जे लिहिलंस ते दोनदा वाचलं आणि बिलबुक बंद करून ठेवलं. त्यांना माझ्याकडून काही सांगू नकोस. मी सांगेन, जेव्हा तोंड असेल तेव्हा.

‘नाही’ वाचलं. त्यावर वाद घालत नाही.

फक्त एक. तू फोन केला होतास ना, त्यांना विचारलं होतंस. मला साइट उघडून बघता येईल, पुढची मुदत कधी आहे तेही मिळेल. पण ते मी बघितलेलं असेल. तू माझ्यासाठी विचारलंस तेव्हा ते काय म्हणाले, ते तू लिहिलंच नाहीस.

दुसऱ्या वर्षाचे गुण धरतात का?

विघ्नेश